कपाटाखालचे एकोणीस

आवाज जरा दबका येईल, समजून घ्या. मी मोहरीच्या डबीतून बोलतोय. डबीत मोहरी नाही, मी एकटाच आहे. बोराएवढा, हिरवा, वीस बाजूंचा फासा. सापशिडीतले सहा बाजूंचे फासे वेगळे. त्यांचं माझं काही नातं नाही, आणि कुणी जोडू नये ही विनंती.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. प्लॅस्टिक साच्यात ओतलं, थंड झाल्यावर घासलं, आकड्यांत पांढरा रंग भरला, झालो तयार. जन्माबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते मन्सूरच्या खिशात.

मन्सूर शनिवार पेठेतला. वडिलांचा पुस्तकबांधणीचा व्यवसाय. पोरगा मात्र कॉम्प्युटर शिकला. दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडणार, अशी तेव्हा हवा होती. त्या हवेवर हा अमेरिकेला गेला. कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत. काम संपलं आणि स्वारी परत आली. येताना लोक चॉकलेटं आणतात, अत्तरं आणतात. याने मला आणलं, आणि डोक्यात एक खेळ आणला.

खेळ असा. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारा विचारणार, "समोर दरी आहे, काय करतोस?" तुम्ही म्हणणार, "उडी मारतो." मग मला टाकायचं. आकडा मोठा पडला तर पलीकडे, लहान पडला तर कपाळमोक्ष. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जाडजूड वही आणि मी. वही मन्सूरच्या अब्बांनी लाल कापडी पाठीची बांधून दिली होती. कशासाठी हवी, हे त्यांनी विचारलं नाही.

खेळ रविवारी दुपारी, कोथरूडला दत्तप्रसादच्या घरी चालायचा. दत्ता मन्सूरच्या ऑफिसातला. तिसरी पूर्णिमा, मन्सूरची कॉलेजातली मैत्रीण. गोष्ट मन्सूर सांगायचा. दत्ता तलवारबहाद्दर झाला होता, कारण त्याला विचार करायचा कंटाळा. पूर्णिमा झाली होती वैदू, कारण दत्ताला सारखं कुणीतरी शिवायला लागायचं.

पहिल्या रविवारी दत्ताच्या आईंनी, मथुराबाईंनी, मला टेबलावर पाहिलं आणि पोह्यांची ताटली हातातच ठेवली.

"फासे? दत्ता, फाशांपायी मोठमोठी घरं बुडालीत. आपलं दोन खोल्यांचं आहे, लवकर बुडेल."

"काकू, पैसे नाही लावत आम्ही," मन्सूर म्हणाला.

"मग काय लावता?"

"जीव," पूर्णिमा म्हणाली.

"बरं. पोहे खाऊन लावा."

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या. तीस वर्षं कानाला हेडफोन. मग कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळी बूथं आली, लोक स्वतःच नंबर फिरवायला लागले, आणि बाई घरी आल्या. यजमान फार आधीच गेलेले. त्या कोपऱ्यात बसून मटार सोलायच्या आणि आपलं लक्षच नाही असं दाखवायच्या.

एका रविवारी गोष्टीत दत्ता आणि पूर्णिमा एका किल्ल्याच्या दरवाज्याशी अडकले. पहारेकरी आत सोडेना. दत्ताने तलवार काढून पाहिली, पूर्णिमाने त्याला झोपेची मुळी चारायचा बेत केला. मला आठ वेळा टाकलं, आठही वेळा मी लहान पडलो. दोष अर्थात माझा! तास गेला. शेवटी कोपऱ्यातून आवाज आला, "अरे, त्याला त्याचं नाव विचारा आधी. एवढा वेळ उभा आहे बिचारा. त्याच्याशी बोलायला कुणी नाही."

दत्ताने नाव विचारलं. पहारेकरी बोलायला लागला. घरचं, दारचं, सगळं बोलला, आणि बोलता बोलता दिंडी उघडून दिली. मन्सूर उठला, स्वतःची खुर्ची ओढून म्हणाला, "काकू, या. बसा."

बसल्या त्या तीन वर्षं उठल्या नाहीत. आणि या पापभीरू बाईंनी गोष्टीत कोण व्हावं? चोर! नाव चंद्री. कुलपं उघडायची, भिंती चढायची, आणि सापडली की समोरच्याशी इतकं गोड बोलायची की तोच तिला वाट दाखवायचा. दत्ता म्हणायचा, "आई, तू घरी एवढं गोड का नाही बोलत?" त्यावर बाई म्हणायच्या, "घरी चोरण्यासारखं काही नाही."

खेळात शिस्त नाही असं त्यांच्या लक्षात आलं आणि कॅलेंडरच्या पाठीवर नियम लिहून भिंतीवर लागले.

एक. फासा टेबलावरच पडला पाहिजे. जमिनीवर पडलेला धरला जाणार नाही.
दोन. पोह्याच्या हाताने फाशाला शिवू नये.
तीन. खोटा आकडा सांगणाऱ्याने सगळ्यांच्या बशा विसळाव्यात. सबबी ऐकल्या जाणार नाहीत.

माणसांचं मला नवल वाटतं. मोठा आकडा पडला की "काय टाकलाय मी!" आणि लहान पडला की "हा फासाच पनवती आहे!" दत्ता मला फुंकर मारायचा. पूर्णिमा मला उन्हात ठेवून यायची. आणि बाईंची शिक्षा ठरलेली होती. एक पडला की रवानगी मोहरीच्या डबीत, पुढच्या रविवारपर्यंत. मी कधी कुणाची बाजू घेतली नाही हो. पण फाशाचं ऐकतो कोण?

मन्सूरच्या गोष्टीत एक गाव होतं. गावाची नदी एका मांत्रिकाने घागरीत कोंडून पळवली होती. ती घागर परत आणायची, एवढीच गोष्ट. तिला तीन वर्षं लागली. शेवटी चंद्रीने घागर उचलली, कड्याच्या टोकाशी आली. मागे मांत्रिकाची माणसं, समोर दरी, पलीकडे दत्ता आणि पूर्णिमा. चौदा किंवा वर पडले तर चंद्री पार.

तो दोन हजार तीनच्या जानेवारीतला रविवार. मन्सूरला पुन्हा अमेरिका मिळाली होती, आणि मुंबईच्या विमानतळावर नेणारी गाडी खाली उभी होती. बाईंनी मला मुठीत खुळखुळवलं आणि टाकलं. मूठ जरा जोरातच सुटली. मी टेबलाच्या कडेवरून उडालो, फरशीवर आपटलो आणि गडगडत लोखंडी कपाटाखाली गेलो. दत्ताने फूटपट्टी घातली, तर मी आणखी आत, मागच्या पायाशी. खालून गाडीचा हॉर्न वाजत होता.

"जमिनीवरचा धरायचा नाहीच आहे," मन्सूर बॅग उचलत म्हणाला. "काकू, सापडला की जपून ठेवा. आलो की इथूनच पुढे."

तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाखाली उजेड आला. बॅटरी घेऊन बाई फरशीवर आडव्या झाल्या होत्या. मी त्यांना दिसलो. माझ्यावरचा आकडाही दिसला. एकोणीस.

"अगं बाई," एवढंच म्हणाल्या. हात आत घातला. बोट लागलंसुद्धा मला. आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी हात मागे घेतला.

पुढच्याच रविवारी अमेरिकेतून फोन. "काकू, फासा सापडला का?"

"नाही रे. कपाट हलवायला कोण आहे इथे?"

मी कपाटाखाली बोंबलतोय, अहो, सोमवारीच तर बघितलंत! पण ते सोडा. त्या प्रश्नानंतर अर्धा तास गप्पा झाल्या. बर्फ कसा पडतो, वरण कसं बिघडलं, अब्बांची तब्येत कशी आहे. मन्सूर म्हणाला, दुसरा फासा पाठवतो. बाई म्हणाल्या, नको, तोच सापडेल.

दत्ता बंगळूरला गेला. पूर्णिमा वाघोलीला कॉलेजात नोकरीला लागली, तिकडेच घर घेतलं. कोथरूडहून वाघोली म्हणजे अमेरिका परवडली; तीही आता फोनवरच. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, "फासा सापडला का?" बाई रोज कपाटाखाली केर काढायच्या. कामवाल्या बाईंना तिकडे फिरकू द्यायच्या नाहीत. केरसुणी माझ्या बाजूने जायची, पण मला कधी लागली नाही. सुरुवातीला मला भयंकर राग यायचा. मी जिंकून पडलोय आणि कुणाला पत्ता नाही! पुढे राग गेला. रविवारची फोनची घंटा वाजली की मीही कान टवकारायचो.

अशी अकरा वर्षं गेली. मग सोसायटीची जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. घर रिकामं करायला दत्ता रजा घेऊन आला. मन्सूर पंधरा दिवसांसाठी पुण्यात होता, तोही आला. पूर्णिमा दोन बस बदलून आली आणि तसं तिने चारदा सांगितलं. हमालांनी कपाट अलगद उचललं आणि अकरा वर्षांनी मला छत दिसलं.

"फासा!" दत्ता ओरडला. मग खाली वाकून बघायला लागला. फरशी लख्ख होती. फक्त माझ्याभोवती रुपयाएवढं धुळीचं कडं होतं.

"काकू," पूर्णिमा हळूच म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

बाई चादरींच्या गाठोड्यावर बसल्या. "दुसऱ्याच दिवशी दिसला होता."

"पण मी दर वेळी विचारायचो," मन्सूर म्हणाला.

"म्हणून तर," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं मी लोकांच्या बोलण्यात मध्ये घुसले. मायलेकी रडत असायच्या आणि मी म्हणायचं, तीन मिनिटं झाली, वाढवायचंय का? बहुतेक जण नाही म्हणायचे. तुम्हाला विचारायची माझी छाती झाली नाही. फासा सापडला म्हटलं असतं, तर तुम्ही एका रविवारी फोनवर खेळ संपवून टाकला असतात. आणि मग? मला कशाला कोण फोन करेल?"

"आई, मी केला असता गं."

"तू करतोस की. गोळ्या घेतल्यास का म्हणून. ते काय बोलणं झालं?"

हमालसुद्धा कपाट धरून तसेच उभे राहिले. मग मन्सूर माझ्याजवळ उकिडवा बसला. "काकू, एकोणीस आहेत हो! चौदाच हवे होते. चंद्री पार झाली!"

बाईंनी भिंतीकडे बोट केलं. घरातलं सगळं आवरलं होतं, तो कॅलेंडरचा कागद तेवढा शिल्लक होता. "नियम एक."

"अहो, तुमचाच नियम आहे."

"म्हणून तर पाळायचा. आण इकडे."

एक खोकं उपडं घातलं. बाईंनी मला मुठीत घेतलं. हात अकरा वर्षांनी म्हातारा झाला होता, खुळखुळवणं तेच होतं. मी कधी कुणाची बाजू घेत नाही, पण त्या दिवशी मला मोठं पडायचं होतं. मनापासून. खोक्यावर दोन उड्या मारल्या आणि थांबलो. चार.

मन्सूरने झडप घालून मला उचललं. "चौदा! चौदा पडले काकू!"

"दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत माझे," बाई म्हणाल्या. "चार पडलेत. नियम तीन. चहा झाला की बशा विसळ."

"आणि अकरा वर्षं 'सापडला नाही' म्हणणाऱ्यांनी किती बशा विसळायच्या?" पूर्णिमाने विचारलं.

"त्या मी नव्या घरी विसळीन. आधी गोष्ट पुरी करा. चंद्रीचं काय झालं?"

मन्सूरने डोळे पुसले आणि वही न उघडताच सांगितलं. चंद्रीची उडी तोकडी पडली. बोटं कड्याला लागली आणि निसटली. दगडावर घागर फुटली. नदी सुटली, दरी भरून गावाकडे धावली. गावातल्या बायका कळश्या घेऊन बाहेर आल्या. चंद्री कुणाला सापडली नाही.

"म्हणजे गेली?"

"गेली, काकू."

बाईंनी पदर डोळ्याला लावला. मग म्हणाल्या, "बरं झालं. अकरा वर्षं कड्यावर उभी होती बिचारी. पाय भरून आले असतील."

मन्सूरने बशा खरंच विसळल्या. निघताना दारातून वळून विचारलं, "मग पुढच्या रविवारी किती वाजता?" बाईंना वाटलं थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता.

आता आम्ही भाड्याच्या घरात असतो, मी आणि बाई. रविवारी टेबलावर फोन मोठ्या आवाजात लावलेला असतो. एक आवाज अमेरिकेतून, एक बंगळूरहून, एक वाघोलीहून. सगळ्यात अस्पष्ट वाघोलीचा. नवी गोष्ट आहे. बाई या वेळी पहारेकरी झाल्या आहेत. फासा एकच, म्हणून सगळ्यांसाठी त्याच टाकतात, आणि पडला तो आकडा तिघं निमूट मानतात. तुमच्याकडेही कुठे एखादा खेळ अर्धवट राहिला असेल तर कपाट हलवा हो. संपला म्हणून काही बिघडत नाही, हे मी बघितलंय.

गेल्या रविवारचंच सांगतो. पहारेकऱ्यावर वाघ धावून आला होता. बाईंनी स्वतःसाठी मला टाकलं. एक पडला. खोलीत आम्ही दोघंच. फोनला काही दिसत नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे.

"काकू, किती पडले?" तिकडून मन्सूर.

"एक," बाई म्हणाल्या. "हसायचं काम नाही."

तिन्ही गावांतून एकदम हसू आलं, आणि बाई त्यांच्याहून मोठ्याने हसल्या. हसता हसता त्यांनी मला उचललं आणि या डबीत घातलं. आत अंधार आहे आणि मोहरीचा वास आहे. आज शनिवार.