मावशींना कोण बोलणार?

मालकीणबाईंनी नवा कटिंग मास्तर म्हणून धाकट्याचं नाव घेतलं, तेव्हा सगळ्यात आधी दचकला तो धाकटाच. त्याने मागे वळून पाहिलं. न जाणो, आणखी कुणी धाकटा मागे उभा असायचा. मागे भिंत होती आणि भिंतीला टेकून मावशी उभ्या होत्या.

जागा मावशींची होती, यात कुणालाच शंका नव्हती. म्हातारे मास्तर निवृत्त झाले त्या दिवशीच काज-बटणवाल्या बायकांनी मावशींचं अभिनंदन उरकून घेतलं होतं. मावशींनीही "अजून कशात काही नाही गं" असं म्हणत ते छानपैकी स्वीकारलं होतं. शिवणकारखान्यात त्यांच्याइतका कापडाचा जाणकार दुसरा नव्हता. कापड नुसतं चिमटीत धरलं की ते कुठे ताणेल आणि कुठे दगा देईल, हे त्या सांगून मोकळ्या होत. धाकट्याला कात्री धरायला त्यांनीच शिकवलं होतं. बोटं वाकडी धरली म्हणून पट्टीने फटके दिले होते आणि दुपारी स्वतःच्या डब्यातलं अर्धं त्याच्यापुढे सरकवलं होतं. धाकटा पुढे दोन मुलांचा बाप झाला, पण कारखान्यात धाकटाच राहिला. मावशींचं एकच वाईट होतं, त्यांची जीभ. त्या जिभेपायी काही शिकाऊ मुली रडत घरी गेल्या, त्या परत फिरकल्याच नाहीत. बाईंना हे माहीत होतं आणि मावशींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा कारखाना जीव मुठीत धरून बसला होता. आता मावशी काय करतात? रजा टाकतात, राजीनामा देतात, की धाकट्याच्या अंगावर धावून जातात? काही जणांनी तर बघायला सोयीचं व्हावं म्हणून मशिनं थोडी वळवूनसुद्धा घेतली होती. मावशी वेळेवर आल्या. पिशवी खुंटीला अडकवली, अॅप्रन बांधला, टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, आज कुठला माल घ्यायचा?"

धाकट्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. "असं काय म्हणता, मावशी? तुम्हीच सांगा ना."

तेव्हापासून हेच चाललं. त्या विचारत, "मास्तर, थर किती जाड ठेवू?" तो म्हणे, "तुम्हाला वाटेल तसं." त्या म्हणत, "मास्तर, एकदा नजर टाका." तो लांबूनच मान डोलवे. मास्तर नुसता नावाला आहे, हे कारखान्याने बघता बघता हेरलं. कापड अंथरणाऱ्या दोघी आरामात यायला लागल्या. इस्त्रीवाला त्याच्या समोरच मावशींना विचारू लागला, की आज आधी काय करू. मावशी त्याला म्हणत, "मला काय विचारतोस? मास्तर तिकडे उभे आहेत." आणि मास्तर तिकडे उभे राहून खडूचे तुकडे रंगाप्रमाणे लावत असत.

खरं सांगायचं तर धाकटा मनातून स्वतःवर जरा खूषच होता. मावशी आणि तो एकाच चर्चला जात. मावशी पुढच्या बाकावर बसत, हा बायकापोरांसह मागे दाराजवळ. मेजवानीला गेलात तर खालच्या जागी बसा, ही प्रभूची शिकवण त्याने तिथेच ऐकली होती. आपण तेच करतोय, असं त्याला वाटत होतं. आणखी एक पायरी खाली उतरायचंही त्याने ठरवलं होतं. महिनाअखेरीला बाईंकडे जायचं आणि सांगायचं, ही जागा मावशींना द्या.

हे त्याने बायकोला सांगितलं, तेव्हा ती मुलीच्या वेण्या घालत होती. तिने हात न थांबवता विचारलं, "तुम्हाला नको आहे का ती जागा?"

जागा हवी होती. इतकी हवी होती की सगळे घरी गेल्यावर त्याने एकदा रिकाम्या टेबलाशी उभं राहून स्वतःलाच "मास्तर" अशी हाक मारून पाहिली होती आणि मग स्वतःचीच लाज वाटून दिवे मालवले होते. हवं असणं हेच त्याला पाप वाटत होतं. बायको म्हणाली, "हवी असेल तर नको म्हणू नका. देवाला काय कळत नाही होय?" आणि तिने मुलीच्या वेणीला गाठ मारली.

अशात मखमलीचं काम आलं. एका वाद्यवृंदाला गडद लाल मखमलीचे कोट हवे होते. मखमलीचं एक सांभाळावं लागतं. तिच्या अंगावर लव असते. एका बाजूने हात फिरवला तर गुळगुळीत लागते, उलटा फिरवला तर खरखरीत, आणि दोन्हीकडून रंग वेगळा दिसतो. म्हणून कोटाचे सगळे तुकडे एकाच दिशेने आखायचे असतात. साध्या कापडावर तुकडे उलटसुलट बसवून कापड वाचवतात, मखमलीवर ते चालत नाही. हे शिकाऊ मुलालाही पहिल्या आठवड्यात सांगतात.

त्या दिवशी मावशी वरच्या थरावर पॅटर्न ठेवून खडूने आखत होत्या. धाकटा बाजूने गेला. त्याची नजर टेबलावर पडली आणि पाय अडखळले. कोटाच्या पुढच्या बाजूचे तुकडे बरोबर होते. पाठीचे सगळे उलटे होते, साध्या कापडासारखे.

तो थांबला. तोंड उघडलं. मग मनात आलं, मावशी आहेत त्या. यांना आपण काय सांगणार? काहीतरी हिशेब असेल त्यांचा. आधीच त्यांच्या तोंडचा घास काढून घेतलाय आपण, आता वर चुकाही दाखवायच्या? मावशींनी वर पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, बघता का एकदा?"

"छे छे, तुमचं काय बघायचं," धाकटा म्हणाला आणि पुढे गेला.

कटिंग मशिनचं पातं फिरलं. सगळे थर एकदम कापले गेले.

जेवणाच्या सुट्टीनंतर कोट जोडणारी बाई एका हातात पुढचा तुकडा आणि एका हातात पाठीचा घेऊन आली. "मावशी, ही दोन वेगळी थानं आहेत का हो?" खिडकीच्या उजेडात एक तुकडा काळपट लाल दिसत होता, दुसरा विटल्यासारखा फिका. मावशींनी तुकड्यावरून हात फिरवला. मग दुसऱ्यावरून. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या धाकट्याकडे वळल्या, त्याचा चेहरा पाहिला आणि त्यांना सगळं कळलं.

"मास्तर, जरा आत या," त्या म्हणाल्या.

आत म्हणजे कापडाच्या खोलीत. दोन्हीकडे छतापर्यंत थानं आणि मधे एक माणूस जेमतेम मावेल एवढी वाट. मावशींनी दार लोटलं.

"तू पाहिलं होतंस?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला कसं बोलणार, मावशी? तुमचा मान..."

"माझा मान!" मावशींनी जवळच्या थानावर असा हात आपटला की धूळ उडाली. "माझा मान राखलास आणि वाद्यवृंदाचे कोट घालवलेस? वर ह्याला नम्रता म्हणत असशील. ही भीती आहे रे. भीतीला रविवारचे कपडे घातले म्हणून ती नम्रता होत नाही. मोशेला देवानं बोलावलं तेव्हा तो काय म्हणाला? माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. ऐकायला किती गोड! पण देवानं त्याची पाठ थोपटली का? रागावला त्याच्यावर. आणि प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा मी तुमचा गुरू नाही बरं का, असं म्हणाला का तो? गुरू होता म्हणून तर धुतले."

धाकट्याने मान खाली घातली. "मी महिनाअखेरीला बाईंना सांगणार होतो. जागा तुम्हाला द्या म्हणून."

मावशींचा थानावरचा हात खाली आला. मग खाली रचलेल्या थानांवर बसल्या. बोलल्या तेव्हा आवाज बदलला होता.

"मला ती जागा हवी होती. खोटं कशाला बोलू? बाईंनी तुझं नाव घेतलं त्या दिवशी घरी जाऊन मी भांडी आपटली. देवाशी भांडले. प्रार्थनेला डोळे मिटले की तुझं तोंड दिसायचं, आणि ते बघून प्रार्थना करायची इच्छाच मरायची. रोज सकाळी तुला मास्तर म्हणायला किती जड जायचं, ठाऊक आहे? बाहेर फाटकाशी थांबून मागायचे, देवा, आजच्या दिवस एवढा एक शब्द नीट म्हणू दे. कसाबसा तो म्हणायचे, आणि तू? तू रोज तो मला परत करायचास."

धाकट्याचे डोळे भरून आले. फाटकाशी थांबलेल्या मावशी त्याने अनेकदा पाहिल्या होत्या. त्याला वाटे, जिना चढायच्या आधी दम खात असतील.

"आजही आखताना तेच डोक्यात होतं," मावशी म्हणाल्या. "हात चालत होता आणि मन भांडत होतं. चूक माझीच. पण टेबल तुझं आहे. आता बाहेर चल आणि सगळ्यांदेखत मला बोल."

"मला नाही जमणार."

"जमवावं लागेल. आज मला सोडलंस तर उद्या कुणाला बोलशील? अंथरणाऱ्यांना? इस्त्रीवाल्याला? चल, ऊठ."

खरं तर तो उभाच होता. पण त्या कशाबद्दल म्हणताहेत ते त्याला कळलं.

दोघं बाहेर आले, तेव्हा सगळी मशिनं बंद होती. धाकटा टेबलाशी उभा राहिला. त्याने पाठीचा एक फिका तुकडा उचलला.

"मावशी, तुम्ही मखमलीवर पाठी उलट्या आखल्यात. लव बघितली नाहीत."

"हो, मास्तर."

"उरलेलं थान काढा. त्यावर पाठी नव्याने आखा. आणि पातं लावायच्या आधी मला दाखवा."

"दाखवते, मास्तर."

त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "आणि ऐका. मी ही चूक कापायच्या आधी पाहिली होती. पाहून गप्प बसलो. ती माझी चूक, आणि ती मोठी. ह्यापुढे ह्या टेबलावर कुणाचंही काम मी पाहिल्याशिवाय कापलं जाणार नाही."

अंथरणाऱ्या दोघी न सांगता थान आणायला पळाल्या.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. वाईट बातमीला कारखान्यात पाय फुटतात. बाईंनी फिके तुकडे पाहिले आणि त्यांच्या कपाळाची शीर उडू लागली. "हे कुणी केलं?"

मावशी पुढे झाल्या. "बाई, आखणी माझी..."

"मावशी, मी बोलतोय," धाकटा म्हणाला.

मावशींना मधेच तोडणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, तो हा आत्ता आला. मावशी चक्क गप्प झाल्या आणि एक पाऊल मागे सरकल्या.

"बाई, चूक माझ्या टेबलावर झाली. मी वेळेत पाहिली होती आणि बोललो नाही. सगळ्या पाठी वाया गेल्यात. एक थान शिल्लक आहे, पण त्यात सगळे कोट बसणार नाहीत. आणखी मखमल मागवावी लागेल, आणि कोट उशिरा होतील."

"पाहूनही बोलत नाही, असा मास्तर ठेवून मी काय करू?" बाई कडाडल्या.

हीच ती वेळ होती. महिनाभर घोळवलेलं वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं. ही जागा मावशींना द्या. आता तर त्यात काही कठीणच नव्हतं. बाई स्वतःच दार उघडून उभ्या होत्या, आणि बाहेर पडला असता तर लोकांनी वर त्याला सज्जन म्हटलं असतं.

"ठेवा, बाई," धाकटा म्हणाला. "मला ही जागा हवी आहे. आजवर मी तिला घाबरत होतो. ह्यापुढे चूक दिसली की बोलेन. कुणालाही."

"कुणालाही?" बाईंची नजर मावशींकडे गेली.

"त्यांना आत्ताच बोललोय," धाकटा म्हणाला. इस्त्रीवाला खुदकन हसला आणि लगेच इस्त्रीकडे वळला.

बाईंनी एक फिका तुकडा उचलून टेबलावर परत टाकला. मग म्हणाल्या, "वाद्यवृंदाला मी फोन करते. चार शब्द ऐकून घेईन. पण पुन्हा ही वेळ आणू नका, मास्तर." आणि त्या गेल्या.

मशिनं पुन्हा सुरू झाली. मावशींनी नवं थान अंथरून घेतलं, लवेवरून हात फिरवला आणि पाठी आखल्या. मग खडू खाली ठेवून उभ्या राहिल्या. धाकटा आला. त्याने एकेक तुकडा नीट पाहिला, हात फिरवून पाहिला. एका ठिकाणी खांद्याची रेघ जरा आत गेली होती. त्याने बोट ठेवलं. मावशींनी ती पुसून पुन्हा मारली.

"मी रोज देवाजवळ मागत होते, माझा राग जाऊ दे म्हणून," त्या खडूकडे बघत हळूच म्हणाल्या. "जात नव्हता मेला. मघाशी तू मला गप्प केलंस ना, तेव्हा गेला. बाईंनी माणूस बरोबर निवडला, हे मला पहिल्यांदा वाटलं."

धाकट्याने रेघेवरची खडूची भुकटी फुंकली.

"पण एक सांगून ठेवते," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "ती जागा तुझ्यापेक्षा मला जास्त शोभली असती."

"शोभली असती, मावशी," धाकटा अगदी मनापासून म्हणाला, आणि त्याने पातं सुरू करायला सांगितलं.