बांधावरचं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं घालावं तर बाबलीनंच, असं गावात सगळे म्हणत आणि बाबलीही ते कधी नाकारत नसे. आरोंद्याच्या अलीकडे, खाडीला लागून वसलेला त्यांचा गाव लहान. पण नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलायचं तर माणूस तोलामोलाचा लागतो. काय मागायचं, कुणासाठी मागायचं, आवाज कुठे चढवायचा, हे बाबलीला बरोबर ठाऊक. तो थांबला की जमलेली माणसं एका आवाजात म्हणायची, ‘व्हय म्हाराजा.’ कुणाचं लक्ष प्रसादाकडे असे, कुणाचं मोबाइलकडे, पण ‘व्हय’ म्हणायला कुणी चुकत नसे. ते तोंडातून आपसूक जायचं.

खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध होता. बांधावर करंजाच्या झाडाखाली एक दगड, तो बांधाचा राखणदार. श्रावण सरता सरता त्याला राखण, म्हणजे त्याचा वर्षाचा मान, द्यायची, हा जुना रिवाज. नारळ गावाचा, गाऱ्हाणं बाबलीच्या घराचं आणि पहिली मेणबत्ती जासिंत फर्नांडिसच्या घराची. हे कुणी ठरवलं ते कुणाला माहीत नव्हतं आणि विचारायची वेळही आली नव्हती. बांधाचेही घराघरांत वाटे पडलेले. आपल्या वाट्यात कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, पाडलेली भोकं पावसाआधी ज्यानं त्यानं चिखलानं बुजवायची. बाबली आणि जासिंत बालपणापासूनचे दोस्त, त्यांचे वाटे एकमेकांना लागून. त्यामुळे कुणी कुणाची भोकं बुजवली याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. जासिंतच्या मुलाच्या, क्लाइव्हच्या हातात पहिलं फावडं दिलं तेही बाबलीनंच.

मग उन्हाळ्यात बाबलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच्या मुलानं, निलेशनं पलंगासमोर मोठा टीव्ही आणून लावला. म्हाताऱ्याचा वेळ जावा एवढाच बिचाऱ्याचा हेतू. वेळ गेलाच, पण त्याबरोबर म्हाताराही गेला म्हणायचं. बाबलीनं बातम्यांचं एक चॅनेल धरलं ते धरलंच. त्यावर टाय लावलेला एक माणूस असा ओरडायचा, की त्याच्या घरात चोर शिरलाय की काय असं वाटावं. त्याच्या हिशेबी देशात दोनच जातीची माणसं होती, आणि त्यातली वाईट कोणती हे तो रोज संध्याकाळी बोट रोखून सांगायचा. महिनाभरात बाबलीला सगळं समजायला लागलं. कोणता देश आपल्याला घाबरतो, कोण परदेशातून पैसे आणून प्रकल्प अडवतं, सगळं. वाडीतल्या नळाला पाणी का येत नाही एवढंच त्याला माहीत नव्हतं, कारण ते चॅनेलवर येत नव्हतं.

जासिंत सवयीप्रमाणे संध्याकाळी यायचा.

“बाबल्या, आवाज कमी कर रे. तुज्याशी बोलाक इलंय.”

“थांब मरे, महत्त्वाचा चल्लाहा.”

जासिंत जाहिरात लागायची वाट बघत बसायचा. जाहिरातीत कितीसं बोलणं होणार? हळूहळू त्याचं येणं कमी झालं आणि बाबलीच्या ते लक्षातही आलं नाही, हे सांगतानाही वाईट वाटतं.

क्लाइव्ह गोव्यातली हॉटेलातली नोकरी सोडून शेती करायला घरी आला होता. त्यामुळे जासिंत आणि त्याची बायको बर्नादेत यांचे पाय जमिनीवर नव्हते. खाडीच्या तोंडाशी मोठी जेटी व्हायची होती. तिच्यामुळे पाणी कुठे वळेल ते आधी तपासा, असा अर्ज गावातल्या काही पोरांनी केला, त्यात क्लाइव्हची सही पहिली. तेव्हा बाबली त्याला म्हणाला होता, “बरा केलंस रे झिला.” ते चॅनेल लागायच्या आधीचं.

श्रावणातल्या पुनवेच्या उधाणाला बांध फुटला. खारं पाणी भातात शिरलं. जो तो फावडं-घमेलं घेऊन धावला; बाबली तेवढा पलंगावर. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं, ते कुठून कुठे फिरलं आणि एका संध्याकाळी बाबलीच्या पडद्यावर त्यांचाच बांध दिसला. आपला गाव टीव्हीवर बघून म्हातारा इतका हरखला, की त्यानं सुनेला, पूजाला हाका मारून स्वयंपाकघरातून बोलावलं. पडद्यावर क्लाइव्ह होता. कमरेपर्यंत चिखलात, हातात फावडं आणि त्या फावड्याभोवती लाल गोल. ‘जेटी अडवणाऱ्या टोळीनेच फोडला बांध?’ शेवटी प्रश्नचिन्ह होतं, पण टायवाला काही ते वाचत नव्हता, आणि बाबलीनंही वाचलं नाही.

“बाबा, ह्यो बांध बुजवतानाचो व्हिडिओ आसा,” पूजा म्हणाली. “हेय थंयच होते, क्लाइव्हच्या बाजूक.”

“मगे फोडल्यान कोणी? तुका काय कळता? एवढी मोठी माणसा टीव्हीर सांगतत, ती काय खोटा सांगतीत?”

तिथे स्वतः राबून आलेल्या निलेशनंही सांगायला तोंड उघडलं, पण बाबलीनं त्याला मध्येच तोडलं. बाबली म्हणाला, “तू तेचो दोस्त. तू तसाच बोलतलंस.”

जासिंतचं घर हाकेच्या अंतरावर होतं. एक हाक मारून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण जो जन्मभर दुसऱ्यांच्या वतीनं देवाला विचारत आला, त्याला शेजाऱ्याला विचारावंसं वाटलं नाही.

राखणीच्या दिवशी निलेशनं बापाला मोटारसायकलवरून नेऊन करंजाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. समोर खाऱ्या पाण्यानं जळालेलं भात. वारा होता, म्हणून जासिंतनं मेणबत्ती लावली तेव्हा क्लाइव्हनं तिच्याभोवती दोन्ही हात धरले. बाबलीनं नारळाला हात लावून सुरुवात केली.

“बा राखणदारा म्हाराजा, आज ह्यो सगळो गाव तुज्या पायाशी जमलोहा.”

“व्हय म्हाराजा.”

“दरवर्साप्रमाणे जी काय राखण दिलीहा, ती गोड मानून घे.”

“व्हय म्हाराजा.”

“शेताभाताक, गुराढोरांक, पोराबाळांक सांभाळ.”

“व्हय म्हाराजा.”

इथे संपायला हवं होतं. दरवर्षी इथेच संपायचं. पण बाबलीच्या डोक्यात तो लाल गोल फिरत होता, त्यानं आवाज आणखी चढवला.

“आणि म्हाराजा, परक्याचो पैसो खावन ज्या कोणी ह्यो बांध फोडल्यान, ज्येच्या हातातलो फावडो सगळ्या जगान बघल्यान, तेच्या हाताक येस दिव नको. तेचो पाय ह्या गावात टिकाक दिव नको.”

“व्हय म्हाराजा.”

नेहमीसारखाच एका सुरात आवाज आला. अर्थ डोक्यात शिरला तो नंतर. दोघे-चौघे एकमेकांकडे बघायला लागले, निलेशनं मान खाली घातली. क्लाइव्हनं बाबलीकडे पाहिलंही नाही. त्यानं बाजूला, आपल्या बापाकडे पाहिलं, मेणबत्तीवरचे हात काढले आणि बांधावरून सरळ घराकडे चालू लागला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय, असं बाबली मनाशी म्हणाला, आणि प्रसादाचं खोबरं त्यानं चावून चावून खाल्लं.

चतुर्थीच्या आत क्लाइव्ह गोव्याला निघून गेला. जासिंतनं बाबलीचा उंबरा पुन्हा ओलांडला नाही.

दिवाळीच्या सुमारास बाबली काठी घेऊन चालू-फिरू लागला आणि केस कापायला बाजारात गेला. सलूनमध्येही टीव्ही होता, पण तिथे लागायचं ते दुसरं चॅनेल, सरकारच्या नावानं रोज खडे फोडणारं. तिथेही बाई तशाच तावातावानं बोलत होती आणि मागे पुन्हा त्यांचाच बांध. ‘जेटीच्या कंत्राटदाराने जेसीबी लावून फोडला बांध?’

“बघलास?” कात्री थांबवून सलूनवाला अजय म्हणाला. “जेसीबी लावन फोडल्यानी.”

बाबलीला हसू आवरेना. “अरे, जेसीबी त्या बांधार चडलो तर टपापर्यंत रुतात. शेंबडा पोर सांगात.”

“म्हणजे टीव्हीवाले खोटा सांगतत? एवढी मोठी माणसा?”

बाबलीचं हसू ओठातच राहिलं. हेच आपण पूजाला म्हणालो होतो. मान पुढे करून तो आरशातून पडद्याकडे बघत राहिला. या चॅनेलनं लाल गोल काढला नव्हता, त्यामुळे आता चित्रातलं बाकीचंही दिसत होतं. क्लाइव्हच्या मागे करंजाचं झाड होतं. करंजाच्या पुढे, बांधाच्या वळणावर, कुणाचा वाटा येतो?

तो सलूनमधून थेट बांधावर गेला. नव्या मातीचा भराव सुकून पांढरा झाला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या मातीत भोकंच भोकं होती, कुर्ल्यांची. बांध इथेच फुटला होता, आणि हा वाटा बाबलीचा होता. गुडघ्यामुळे त्यानं यंदा भोकं बुजवली नव्हती. निलेशला सांगायचं होतं. ते टीव्हीसमोर राहून गेलं. ना कुणी टोळी, ना जेसीबी. क्लाइव्ह आपला वाटा सोडून बाबलीच्या वाट्यात कमरेएवढ्या चिखलात उभा राहिला होता, आणि ते बघून बाबलीनं त्याला शाप घातला होता. म्हाताऱ्याला बांधावरच रडू कोसळलं.

जासिंत ओसरीवर सुपाऱ्या सोलत बसला होता. बाबली पायरीशी उभा राहिला, वर चढला नाही.

“जासिंत, बांध माज्या वाट्यात फुटलोहा. कुर्ल्यांनी.”

“माका म्हायती आसा. सगळ्यांकच म्हायती आसा.”

“मगे माका कित्याक नाय सांगलंस?”

“इलेलंय सांगूक. राखणीच्या आदल्या दिसा. तू म्हणालंस, थांब, महत्त्वाचा चल्लाहा.”

बाबलीला ते आठवेना. आठवलं नाही, याची त्याला जास्त शरम वाटली.

“माजा चुकला रे. मी पुन्हा गाव जमवतंय. सगळ्यांसमोर उलटा गाऱ्हाणा घालतंय, बोललंय ता मागे घेतंय. क्लाइव्हाक बोलाव. तो माज्या तोंडार थुकलो तरी चलात.”

“तो येवचो नाय, बाबल्या.”

“माज्यार राग आसा तेचो.”

“तुज्यार नाय.” जासिंतनं हातातली सुपारी खाली ठेवली. “तुका टीव्हीन फसवल्यान ह्या तेका कळता. माका कोणी फसवूक नव्हता. बांध कसो फुटलो ता माका म्हायती होता, पोरगो माज्या बाजूक उभो होतो. तू बोललंस आणि सगळ्यांवांगडा मीय ‘व्हय म्हाराजा’ म्हटलंय. सवयीन. काय बोललंय ता बोलान झाल्यार कळला. घराक येवन तेना एवढाच विचारल्यान, पप्पा, तूय?”

आत भांड्यांचा आवाज थांबला. बर्नादेत दाराशी आली, बाबलीला बघून परत आत गेली. बाबली पायरीवर बसला. जासिंतनं सोललेल्या सुपाऱ्या बाजूला सारल्या आणि न सोललेल्यांची टोपली दोघांच्या मध्ये ओढली.