दोघींचं माप

माधवरावांनी लांब लेन्सभोवती गुंडाळलेलं दुपटं सोडवलं, त्याची चौकोनी घडी घातली आणि लेन्स टेबलावर आडवी ठेवली. मग बाळाच्या पिशवीत पुन्हा हात घातला. नाचणीसत्त्वाच्या डब्यातून चार बॅटऱ्या निघाल्या, झबल्यातून छोटी लेन्स निघाली, आणि दुसऱ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकून एक एवढासा पायमोजा बाहेर आला.

"हा कॅमेऱ्याचा नव्हे," ते म्हणाले आणि पायमोजा प्राचीच्या हातात दिला.

प्राचीला ओशाळल्यासारखं झालं. दोन वर्षांपूर्वी तिच्या बॅगेत प्रत्येक वस्तूला आपापला कप्पा होता. आता या वस्तू जिथे ऊब मिळेल तिथे जाऊन झोपत होत्या.

"घरात खरी बॅग होती," ती म्हणाली. "एका खांद्याची. पण बाळंतपणानंतर पाठ धरते. डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही खांद्यांवर ओझं घ्यायचं, नाहीतर घ्यायचंच नाही."

"ओझें कधीं न्यायचें आहे?"

"रविवारी. एन्नोरच्या खाडीत."

खाडीतल्या मासेमारीची नोंद ठेवणारी श्रीनिधी तिची जुनी मैत्रीण. फोटो काढायला तिने प्राचीला दोनदा बोलावलं होतं आणि प्राचीने दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा श्रीनिधीने फक्त तारीख कळवली, आणि खाली लिहिलं, 'या वेळी जमलं नाही तर दुसरं कुणीतरी बघते, मनाला लावून घेऊ नकोस.' तेच मनाला लागलं होतं. मागाहून तिनेच या दुकानाचा पत्ता पाठवला.

दुकान अण्णा नगरात, एका टायपिंगच्या वर्गाच्या खाली होतं. माधवरावांनी बत्तीस वर्षं लष्कराच्या कारखान्यात जवानांच्या पाठपिशव्या शिवल्या होत्या. निवृत्तीनंतर तयार बॅगा ठेवून विकत होते, पण गिऱ्हाईकाचं स्वतःचं सामान आत भरून, ती पाठीवर घालून जिना चढवल्याशिवाय एकही बॅग विकत नसत. रिकामी बॅग सगळ्यांनाच आवडते, असं त्यांचं म्हणणं.

"गांव कोठचें?" त्यांनी पहिल्या बॅगेत लेन्स उभी करत विचारलं.

"सांगली. आणि तुमचं?"

"तंजावर. त्याच्या आधींचें विचारूं नका, तीनशें वर्षें झालीं. चढा."

"कुठे?"

"वर. टायपिंगपर्यंत जा, परत या. मीं मागून बघतों."

कोपऱ्यात फोमच्या तुकड्यांच्या ढिगावर ऊर्मी झोपली होती. दीड वर्षाचं पोर, दोन्ही हात डोक्यावर टाकून, जणू दुकान तिच्या नावावर आहे. तिच्याकडे एकदा बघून प्राची जिना चढली. वरून टाइपरायटरांची टकटक येत होती. ती उतरून आली तेव्हा माधवरावांनी काही न विचारता बॅग उतरवून घेतली आणि सामान दुसरीत भरायला लागले.

नवऱ्याने, संकेतने, आठ बॅगांचा तक्ता करून दिला होता. तो मोटारींच्या कंपनीत होता. वजन, कप्पे, पावसाचं आवरण, कमरेचा पट्टा, सगळ्याचे रकाने पाडले होते. शेवटी एक रकाना होता, 'आराम', आणि तो आठही ओळींत कोरा होता. "तो तू भर," तो म्हणाला होता. आणि मग, ऊर्मीचं तोंड पुसता पुसता, "नाहीतर एकच छोटी लेन्स ने ना. सगळं नेलंच पाहिजे का?"

सगळं नेणारी प्राची त्याने पाहिली होती, तरी तो असं विचारत होता, हेच तिला खुपलं होतं.

तिसरी बॅग घालून ती खाली आली.

"कशी आहे?"

"छान आहे."

"छान आहे म्हणून पट्ट्याखालीं अंगठा घातलांत?"

प्राचीने अंगठा काढला. बॅग लगेच उजवीकडे सरकली. चौथी सरकली, पाचवीही सरकली. सहाव्या बॅगेला पाठीवर जाळी होती, वारा खेळता राहावा म्हणून. तीही दोन पायऱ्यांत उजवीकडे कलली. माधवराव जिन्याच्या तळाशी उभे राहून मान तिरपी करून बघत होते.

"बॅगेचा दोष नव्हे, अम्मा," ते शेवटी म्हणाले. "तुम्हींच वांकड्या उभ्या राहतां. डावी कंबर वर. बघा."

समोरच्या आरशात प्राचीने पाहिलं. खरंच होतं. ती सरळ उभी राहायला गेली, राहिलीही, आणि दोन श्वासांत कंबर आपली पुन्हा वर गेली. ज्याची भीती होती तेच एका परक्या माणसाने पाठीमागून वाचून दाखवलं होतं.

"हे सरळ होईल ना?"

"मला काय ठाऊक? मीं शिंपी."

ते हसले नाहीत, पण त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. ती बसली नाही. बसली तर सातवी बॅग घालणार नाही, हे तिला कळत होतं. सातवी घातली, पट्टे ओढले, आणि तेवढ्यात फोमच्या ढिगावरून ऊर्मीने भोकाड पसरलं.

प्राची धावली. पाठीवर सात किलो आहेत हे विसरून गुडघ्यात वाकली, लेकीला उचललं आणि डाव्या कडेवर घेतलं. ऊर्मीने अर्धवट झोपेतच तिच्या मानेत तोंड खुपसलं.

आणि प्राची जागच्या जागी थांबली.

पाठीवर काहीच नव्हतं. बॅग पडली की काय म्हणून तिने हात मागे नेला. बॅग होती. लेन्स होती, दोन्ही कॅमेरे होते, बॅटऱ्या होत्या. पण त्यांचं वजन जणू तिच्या अंगात विरघळून पाठीच्या कण्यातून जमिनीत उतरलं होतं. पट्टे खांद्यांवर नुसते टेकले होते. अकरा किलोंची मुलगी, सात किलोंची बॅग, आणि तिला वाटत होतं की आत्ता याच पावली चालत समुद्रापर्यंत जाता येईल. किती महिन्यांनी तिला स्वतःचं अंग असं सबंध लागलं होतं, मोडून पुन्हा जुळवल्यासारखं नव्हे, तर एखादं झाड असावं तसं.

"हलूं नका," माधवराव हळूच म्हणाले.

त्यांनी खिशातून खडू काढला. चष्मा कपाळावरून खाली घेतला. तिच्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. वर टाइपरायटर थांबले होते, बहुधा एक तुकडी सुटली होती.

"बत्तीस वर्षें पाठी पाहिल्या," ते म्हणाले. "जवानांच्या. एका सांच्यांतल्या. आमच्या घरीं तीन मुलें वाढलीं, तेव्हां मीं ड्यूटीवर. हें असें असतें तें..." त्यांनी डाव्या पट्ट्यावर खडूची एक रेघ ओढली, उजव्यावर एक, कमरेच्या पट्ट्यावर दोन.

ऊर्मीने मान वर केली, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि खडू हिसकावून तोंडात घातला.

"अय्यो! द्या, द्या कण्णू, खाऊ नव्हे तें!"

"तिला सगळ्यातलंच थोडं लागतं," प्राची म्हणाली. ती हसत होती, आणि डोळे का भरले ते तिला कळत नव्हतं.

"डावा पट्टा दोन बोटें लांब करतों. कमरेचा तिरका लावतों. शनिवारीं न्या."

शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी संकेतने बॅग घालून पाहिली. घरभर एक चक्कर मारली आणि परत आला.

"अगं, ही वाकडी आहे."

"माझी आहे," प्राची म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरून ती उतरवून घेतली.

रविवारी ती निघाली तेव्हा बापलेक एकाच कुशीवर झोपले होते. एन्नोरच्या पुलाखाली श्रीनिधी वाट बघत होती. ओहोटी लागली होती. खाडीच्या पलीकडे वीजकेंद्राची धुराडी उभी होती आणि त्यांच्यामागून सूर्य वर येत होता. गाळावर राखेचा करडा थर होता. पाय टाकला की तो फुटून खालचा काळा गाळ दिसायचा.

प्राचीने बॅग पाठीवर टाकली, पट्टे ओढले आणि चालायला लागली. दहा पावलांत तिला कळलं.

बॅग चुकीची होती. डावा पट्टा सैल लोंबत होता, सगळं ओझं उजव्या खांद्याला ओरबाडत होतं. तिने पट्टा आवळून पाहिला, पण शिवण पक्की होती, सरकेना. ती थांबली, आणि मग लक्षात आलं. माधवरावांनी खडू ओढला तेव्हा ऊर्मी कडेवर होती. त्यांनी दोघींचं मिळून एकच माप घेतलं होतं. शनिवारी बॅग न्यायला गेली तेव्हाही ऊर्मीला कडेवर घेऊनच ती जिना चढली होती. इतकी वर्षं माणसाच्या पाठीचा अभ्यास केलेल्या त्या माणसाला आई आणि मूल हे एक अंग वाटलं. आणि तिला? तिलाही सांगायचं सुचलं नाही, की ही मुलगी रविवारी घरी असेल.

"ठीक आहेस ना?" पुढून श्रीनिधीने विचारलं. "सामान ठेव हवं तर गाडीत. एकच कॅमेरा घे."

"नको. येते मी," प्राची म्हणाली.

ती तशीच चालत राहिली, एका बाजूला ओढली जात. दोनदा पाय घसरला. डावी बाजू रिकामी होती, इतकी रिकामी की तिथून वारा जातोय असं वाटत होतं. पाण्याच्या कडेला पोचेपर्यंत उजवा हात खांद्यापासून बधिर झाला होता, आणि कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा चौकट थरथरायला लागली. परत जावं, हा विचार पहिल्यांदा आला.

मग तिने समोर पाहिलं.

कमरेएवढ्या पाण्यात सहा बायका होत्या, एका ओळीत, वाकलेल्या. दोन्ही हात पाण्याखाली, गाळात कोळंबी चाचपडत. प्रत्येकीच्या दातांत एक ताडाच्या पानांची टोपली होती, तिचा काठ दातांत धरलेला, टोपली छातीशी लोंबणारी. हात वर यायचे, मुठीतली कोळंबी टोपलीत पडायची, हात पुन्हा खाली. जाळं नाही, पट्टा नाही, खांद्यावर काही नाही. सगळं ओझं दातांत. सूर्य धुराड्यांच्या वर आला आणि सहाही टोपल्या एकदम सोनेरी झाल्या. प्राची कॅमेरा खाली घेऊन नुसती बघत राहिली. इतक्या वर्षांत तिने कधी फोटो काढायचं विसरून असं पाहिलं नव्हतं.

त्यातली एक बाई पाण्यातून बाहेर आली. साठीची असावी. काठावर ठेवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कळशीत तिने टोपली रिकामी केली. श्रीनिधीने तिला हाक मारली, "शशिकलाक्का!" बाईने तिकडे हात केला, पण डोळे प्राचीवर होते. चेहऱ्यावर नव्हे. तिरक्या बॅगेवर, वर चढलेल्या डाव्या कमरेवर.

"कोळंदै एंगे?" तिने विचारलं. बाळ कुठे आहे?

प्राचीने श्रीनिधीकडे पाहिलं. कुणी सांगितलं हिला?

"वीटुल," ती म्हणाली. घरी.

शशिकलाक्का मोठ्याने हसली. पाण्यातल्या बायकांना तिने काहीतरी ओरडून सांगितलं, आणि दातांत टोपल्या धरूनच त्याही हसल्या. मग तिने कळशी दोन्ही हातांनी उचलली आणि न विचारता प्राचीच्या डाव्या कडेवर टेकवली.

"धर," ती आपल्या भाषेत म्हणाली. "मी येईपर्यंत." आणि टोपली दातांत धरून पाण्यात उतरली.

प्राचीचा हात कळशीभोवती आपोआप गेला. कंबर आपोआप वर आली. पाठीवरची बॅग एकदा सरकली आणि बसली. उजव्या खांद्यात हळूहळू रक्त परतलं, बोटांत मुंग्या आल्या.

कळशीत जिवंत कोळंबी उड्या मारत होती, पत्र्यावर आतून टपटप आवाज येत होता. प्राचीने डावा हात जरा घट्ट केला, ओठांचा चंबू करून कळशीला "शूऽऽ" केलं, आणि उजव्या हाताने छोटा कॅमेरा डोळ्याला लावला.