डाव्या पायाचा बूट

मी एक बूट आहे, डाव्या पायाचा. माझ्या उजव्या जोडीदारापेक्षा माझा तळ चार बोटं जाड आहे, कारण माझ्या मालकाचा, आर्विडचा, डावा पाय तेवढाच आखूड आहे. लहानपणी हाडात पू झाला आणि पायाची वाढ खुंटली. अमेरिकेतल्या आमच्या डुलुथ बंदरातल्या एका कारागिराने पायाचं माप तीनदा घेऊन मला शिवलं.

मी पायात असलो की आर्विड सरळ चालतो. गोदीवर लोहखनिजाची जहाजं भरण्यात त्याचं आयुष्य गेलं, पण त्याला लंगडताना फक्त त्याच्या बायकोने पाहिलं होतं. ती गेल्यावर राहिलो मीच.

त्याचा धाकटा भाऊ रेइनो दूर टूसॉनला राहायचा. त्याच्या फुप्फुसांचं दुखणं बळावलं, तेव्हा आर्विड मुलीला, काट्रीला, घेऊन विमानतळावर गेला. तपासणीच्या रांगेत बूट काढायला लावले. बसून नाड्या सोडवायला त्याला वेळ लागला. मग मोज्यांवर, एका बाजूला कलत, तो धातू शोधणाऱ्या चौकटीकडे निघाला. मागून एक तरुण म्हणाला, "आजोबा, विमान आजचंच आहे बरं का!"

चार माणसं हसली. आर्विडही हसला, पण मला परत पायात घालताना त्याने मान वर केली नाही.

त्यानंतर रेइनोचा फोन आला की आर्विड म्हणायचा, "तिकिटं फार महाग झालीत रे." रेइनो खोकत म्हणायचा, "मग स्वस्त होईपर्यंत थांबतो मी."

काट्रीला खरं कारण कळलं होतं. एका रविवारी कॉफी पिताना तिने विषय काढला. "बाबा, पैसे भरले की सरकार आधीच चौकशी करतं. मग पाच वर्षं विमानतळावर वेगळी रांग. बूट काढावे लागत नाहीत."

"चाळीस वर्षं कर भरला मी. आता मी भला माणूस आहे हे ठरवून घ्यायला वर पैसे मोजू? आणि ज्याच्याकडे नाहीत तो काय चोर?"

"भलेपणाचे नाहीत हो बाबा, बूट पायात ठेवायचे आहेत ते पैसे. रेइनोकाका थांबलाय तिकडे."

आर्विडने हातातला वेलदोड्याचा पाव तसाच खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या परवानगीसाठी सरकारी कार्यालयात होतो. यंत्राला त्याच्या बोटांचे ठसे काही उमटेनात.

"काका, बोटं आहेत की दगड?" तिथली मुलगी वैतागून म्हणाली.

"आयुष्यभर दगडच हाताळले, बाई."

शेवटी ठसे उमटले आणि परवानगी आली. खोटं कशाला बोलू, त्या छोट्या रांगेतून त्याच्या पायात राहून पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही सुख वाटलं. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या वर्षी आम्ही अनेकदा टूसॉनला गेलो. दोघे भाऊ अंगणात पत्ते खेळायचे. रेइनो उघड लबाडी करायचा आणि आर्विड उघडपणे हरायचा.

वसंतात रेइनो गेला. त्याची राख डुलुथला, आईवडिलांशेजारी पुरायची होती. त्याची बायको हेल्मी राखेची लाकडी पेटी छातीशी धरून आमच्याबरोबर निघाली. ती पहिल्यांदाच विमानात बसणार होती.

तपासणीपाशी शिपाई म्हणाला, "आजोबा, तुम्ही इकडून. बाईंना त्या मोठ्या रांगेतून यावं लागेल."

हेल्मीने पेटी आणखी घट्ट धरली. "भावोजी, ते उघडून बघतील का हो यांना?"

आर्विडने आपल्या मोकळ्या रांगेकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "चल, मी आहे."

मोठी रांग इंचाइंचाने सरकत होती. सामान तपासणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यापाशी पोचल्यावर आर्विड खाली बसला, नाड्या सोडल्या आणि मला तबकात ठेवलं. शेजारच्या तबकात हेल्मीने पेटी ठेवली. तिचा हात पेटीवरून निघेना. तिथली बाई हळूच म्हणाली, "उघडणार नाही आम्ही. नुसती आतून जाईल आणि बाहेर येईल."

त्या अंधाऱ्या बोगद्यातून मी आणि रेइनो शेजारी शेजारी गेलो.

बाहेर आलो तेव्हा आर्विड चौकटीपलीकडे मोज्यांवर, एका बाजूला कलून, उभा होता. लोक बघत होते. त्याने आधी पेटी उचलून हेल्मीच्या हातात दिली. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मला घालायची त्याला घाई नव्हती.

आता माझं चामडं तडकलंय आणि तळ दोनदा बदललाय. परवा काट्रीने विचारलं, "बाबा, मुदत संपतेय. पुन्हा भरू का पैसे?"

"भर," आर्विड म्हणाला. "हेल्मीचेही भर. तिला दर वर्षी रेइनोकडे यायचंय."

ज्यांना असे पैसे भरता येत नाहीत, ते त्या मोठ्या रांगेत असतीलच. तुमच्या पुढे कुणी मोज्यांवर हळू चालत असेल, तर एवढंच करा: त्याच्या पायांकडे बघू नका.