आखडलेली बोटे आणि माझे भिंग

मित्रांनो, माझ्याकडे बघायला कोणी येत नाही. माझ्यातून बघायला येतात. मी इस्पितळाच्या तपासणीच्या खोलीतला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझी मान पितळेची आणि पाय बिडाचा. ज्या कारागिराने माझी भिंगे घासली, त्याने शेवटचे भिंग बसवून एका माशीचा पंख पाहिला आणि शेजारच्याला म्हटले, "हा कुणाला फसवणार नाही." जन्मतःच मिळालेली ती शाबासकी मी आजवर जपली आहे.

माझी मालकीण म्हणजे डॉक्टरबाई. रोग्याच्या अंगातून काढलेला छोटासा तुकडा मेणात बसवतात, त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात आणि रंगवून काचपट्टीवर ठेवतात. मग बाई चष्मा कपाळावर सरकवून माझ्यावर वाकतात. नवे पडद्याचे यंत्र आले तेव्हा मला बेसिनशेजारी ढकलून दिले होते. "या म्हाताऱ्याला आता पेन्शन द्या," असे सगळे म्हणत. "म्हाताऱ्याची नजर तुमच्याहून चांगली आहे," असे म्हणून बाईंनी मला उचलले आणि खिडकीपाशी स्वतःच्या टेबलावर ठेवले. तेव्हा माझी मान किती ताठ झाली असेल!

माझ्या आयुष्यातली एक हकिकत मात्र मला सांगितलीच पाहिजे.

पुस्तकबांधणी करणाऱ्या एक मावशी होत्या. थंड पाण्यात हात घातला की त्यांची बोटे आधी खडूसारखी पांढरी आणि मग निळी पडत. पुढे बोटांची कातडी ताठ आणि चकचकीत झाली. सुई धरवेना, मूठ मिटेना. त्यांच्या थोरल्या जाऊबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची धाकटी हल्ली कामात हात आखडता घेते!" सगळे हसत. मावशीही हसत; पण हसताना त्यांचे तोंड पूर्वीसारखे उघडत नसे.

त्वचेच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि आजार ओळखला. सिस्टेमिक स्क्लेरोसिस. यात कातडी कडक होत जाते आणि वेळीच आवर घातला नाही, तर फुप्फुसांपर्यंतही तो कडकपणा पोहोचू शकतो. त्यांनी मावशींच्या हाताच्या कातडीचा तुकडा आमच्याकडे पाठवला आणि डॉक्टरबाईंना फोन केला.

"कातडी जाड झालीय हे माझ्या बोटांना कळतंय, बाई. पण आत आग विझून राख उरलीय, की अजून धुमसतंय? धुमसत असेल तर जोराचं औषध सुरू करतो. नाहीतर उगाच त्यांची ताकद कशाला मारायची?"

काप तयार झाल्यावर बाई माझ्यावर वाकल्या. आधी दिसले ते नुसते गुलाबी, जाडजूड तंतू, एकमेकांना खेटून बसलेले. "राखच दिसतेय," म्हणत बाईंनी सुस्कारा सोडला. तरी काचपट्टी हळूहळू सरकवत त्या कातडीच्या अगदी तळाशी, चरबीच्या कडेला आल्या. तिथे एका बारीक रक्तवाहिनीभोवती गर्द जांभळ्या ठिपक्यांचा घोळका जमला होता. मी माझी सगळी नजर पणाला लावली. एकेक ठिपका स्वच्छ दिसला.

"धुमसतंय!" त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावून बाई जवळजवळ ओरडल्याच. "लगेच सुरू करा."

दुसऱ्या दिवशी मावशी आणि जाऊबाई आमच्या खोलीत आल्या. बाईंनी मावशींना माझ्यातून त्यांचीच कातडी दाखवली.

"पुठ्ठ्यात सरस जास्त मुरल्यासारखं दिसतंय," मावशी म्हणाल्या. "असं पुस्तक मग नीट उघडत नाही."

"बरोबर. आणि तो सरस ओतणाऱ्या पेशींना चेव आणणारे हे जांभळे ठिपके बघा. या तुमच्याच अंगातल्या, रोगांशी लढणाऱ्या पेशी. जंतू शिरला की आरडाओरडा करायचा, जखम झाली की ती भरायला मदत बोलवायची, हे यांचं काम. इथे ना जंतू, ना जखम, पण यांच्या हाका थांबत नाहीत."

"अगं बाई! म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा," जाऊबाई म्हणाल्या.

"हो. पण कुंपण उपटून चालायचं नाही, नाहीतर खरे जंतू आत घुसतील. औषधानं यांना थोडं शांत करायचं आणि आपण लक्ष ठेवायचं."

मावशी हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी आळशी नव्हते."

जाऊबाईंनी पदराने डोळे पुसले. "तोंडाला येईल ते बोलले गं मी. उद्यापासून भांडी माझ्याकडे, आणि तू हातमोजे घालायचेस."

आजार समूळ गेला नाही, हे मी खरे तेच सांगतो. पण फुप्फुसे शाबूत राहिली आणि पुढे बोटांची कातडीही पुष्कळ सैल पडली. वर्षभराने मावशी बाईंना भेटायला आल्या, तेव्हा माझे बारीक चाक त्यांनी स्वतः चिमटीत धरून फिरवले. मित्रांनो, मोठमोठ्या विद्वानांचे हात मला लागले आहेत, पण त्या चिमटीइतका मान मला कोणी दिला नाही.

आता शिकणारी मुले मला वापरतात. तुम्हीही या. भिंगाला बोट लावू नका, मऊ कापडाने पुसा. उचलताना एक हात माझ्या मानेला आणि दुसरा तळाशी धरा. आणि समोरचा माणूस "मला होत नाही" म्हणाला, तर हसण्याआधी त्याच्याजवळ जाऊन नीट बघा. मला अजून पुष्कळ बघायचे आहे.