म्हातारीचं शेवटचं इंधन

आमच्या खोलीत बाईंशी वाद घालण्याची परवानगी फक्त मला होती, आणि ती मला कुणी दिली नव्हती, मी घेतली होती. बाकीचे सगळे बाई बोलल्या की माना डोलवायचे. मी डोलवायचो नाही, म्हणून मला खडूस म्हणायचे. बाईसुद्धा तेच म्हणायच्या. नाव मला शोभतं, माझी तक्रार नाही.

बाई म्हणजे उपग्रह नियंत्रण कक्षाच्या प्रमुख. खोली तशी साधी. पडद्यांच्या दोन रांगा, कुरकुरणाऱ्या चाकांच्या खुर्च्या आणि यंत्रं थंड राहावीत म्हणून इतका गारठा, की भर उन्हाळ्यात आम्ही स्वेटर घालून बसायचो. तिथून आम्ही एक दळणवळण उपग्रह सांभाळत होतो. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला म्हातारी म्हणायचो. पंधरा वर्षं टिकली तर गंगेत घोडं न्हालं, असं म्हणून सोडलेली म्हातारी विशी ओलांडून गेली होती. उड्डाणानंतर तिचा एक सौरपंख अर्धाच उघडला होता. तेव्हा बाई या खोलीत सगळ्यांत लहान होत्या. त्यांनी म्हातारीला आलटून पालटून उन्हात आणि सावलीत फिरवायला लावलं, आणि तापून-निवून तो पंख सुटला. त्या दिवसाची नोंद नव्या माणसाला आम्ही आधी वाचायला देतो. मी ती कितीदा वाचली ते विचारू नका.

म्हातारपण माणसाचं असो की उपग्रहाचं, शेवटचं बघणारं कुणीतरी लागतं. विषुववृत्ताच्या वर, छत्तीस हजार किलोमीटरवर एक पट्टा आहे. तिथला उपग्रह पृथ्वीच्या बरोबरीनं फिरतो, म्हणून खालून एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. साऱ्या जगाचे उपग्रह तिथे दाटीवाटीनं राहतात. इंधन संपून एखादा जागेवरच मेला, तर तो तिथेच भरकटत राहतो आणि शेजाऱ्यांच्या अंगावर जातो. म्हणून शहाणी माणसं थोडं इंधन राखून ठेवतात आणि वेळ आली की उपग्रहाला तीनेकशे किलोमीटर वर ढकलून देतात. त्या जागेला स्मशानकक्षा म्हणतात. वर पोचवायचं, उरलंसुरलं इंधन बाहेर सोडायचं, रेडिओ बंद करायचा आणि घरी जायचं.

या राखीव इंधनाला कशासाठीही हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम बाईंनी लिहिलेला. एकदा संचालक बैठकीत सहज म्हणाले होते, "आणखी दोनेक महिने काढून घेऊ ना तिच्याकडून." बाईंनी चष्मा काढून त्यांना विचारलं, "साहेब, आपला कचरा शेजाऱ्याच्या दारात टाकायची सवय तुम्हाला कधीपासून?" पुढे तो विषय कुणी काढला नाही.

म्हातारीच्या जागी जायचा नवा उपग्रह तयार होता. आम्ही त्याला नवरी म्हणायचो. पण नवरीचं घोडं उड्डाणतळावरच पेंड खात होतं. आधी झडप गळली, मग हवा बिघडली, मग तीच झडप पुन्हा गळली. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्याच सुमारास अंतराळ स्थानकातल्या तिघांचं प्रकरण निघालं.

वर एक स्त्री कप्तान, एक यंत्रज्ञ आणि एक डॉक्टर असे तिघं होते. त्यांच्या परतीच्या यानाचं इंजिन आपोआप चालवणारी यंत्रणा बिघडली होती. इंजिन धड होतं, पण आता ते कप्तानाला हातानं चालवावं लागणार होतं. यान किती कललंय, वेग किती उतरला, इंजिन कधी बंद करायचं, हे खालून कुणीतरी कप्तानाच्या कानात सांगायला हवं होतं. थोडं कमी-जास्त झालं तर यान भलत्याच कोनातून वातावरणात शिरेल आणि मग देवच वाली. त्यात इंजिन पेटवायचं होतं भर महासागरावर, जिथे कुणाचाच अँटेना नाही. तिथला आवाज आमच्यापर्यंत आणणारी फक्त म्हातारी होती, कारण यानाचा रेडिओ तिच्यासाठी आणि नवरीसाठीच बनवलेला होता. परतीचा दिवस दहा दिवसांनंतरचा ठरला. त्याआधी उतरण्याच्या जागी वादळं होती आणि त्यानंतर फार थांबावं इतका साठा वर उरलेला नव्हता.

बाईंनी लगेच इंधन मोजायला सांगितलं. हे प्रकरण भलतं नाजूक असतं. वर वजन नसल्यामुळे इंधन टाकीच्या तळाशी बसत नाही, हवं तिकडे तरंगतं, त्यामुळे काटा लावून उपयोग नाही. आम्ही टाकीला बाहेरून थोडी ऊब देतो आणि ती किती लवकर तापते ते बघतो. रिकामं पातेलं चटकन तापतं, भरलेलं वेळ घेतं. म्हातारीची टाकी चटकन तापली.

मी आकडे पुन्हा मांडले. वर ढकलण्यापुरतं इंधन होतं, तेही जेमतेम. दहा दिवस तिला जागेवर धरून ठेवलं तर तेवढंही उरणार नव्हतं.

संचालक म्हणाले, "तिघांचा जीव आहे. थांबायचं."

"आणि मग ती पट्ट्यातच मेली तर?" मी विचारलं. "शेजारच्या उपग्रहांवर दवाखाने चालतात, जहाजं चालतात. त्यांच्या अंगावर गेली तर तिथे जीव नाहीत का? नियम आहे. उद्या सकाळी तिला वर न्यायची आणि बंद करायची."

"तू माणूस आहेस की दगड?" संचालक म्हणाले.

"मी नियम सांगतोय. दगड कोण ते नियम लिहिणाऱ्यांना विचारा."

हे बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं. सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर त्या एकट्या. आयुष्यभर जो नियम दुसऱ्यांना शिकवला, तो मोडायचा की तिघांना मुक्यानं खाली उतरवायचं, हे ठरवायला दुसरं कुणी नव्हतं. "सकाळी सांगते," एवढंच म्हणून त्या उठल्या.

घरी मी जेवताना धुसफुसत सगळं सांगितलं. माझी बायको मोटार चालवायला शिकवते, त्यामुळे धीर आणि टोमणे दोन्ही तिच्याकडे भरपूर आहेत. ती शांतपणे म्हणाली, "तुझं म्हणणं बरोबर आहे. पण वर माझी बहीण असती तर?"

"मेव्हणी असती तर जरा जास्तच विचार केला असता," मी म्हणालो.

ती हसली नाही. मलाही घास गोड लागला नाही. माझं बरोबर होतं याचाच मला राग येत होता.

सकाळी आलो तर बाई आधीच फळ्यासमोर उभ्या होत्या. फळ्यावर त्यांनी आमचीच कार्यपद्धती ओळीनं लिहिली होती: वर न्या, इंधन सोडा, रेडिओ बंद करा.

"खडूस, हे कुणी लिहिलं?"

"तुम्हीच."

"चुकीचं लिहिलंय. वर नेल्या नेल्या रेडिओ बंद करायचा, हे का?"

"ती स्मशानकक्षा आहे म्हणून."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मेलेल्यांची जागा, बाई."

"ती मेली आहे का?"

इतक्या वर्षांत आम्ही कितीतरी उपग्रहांच्या कहाण्या वाचल्या होत्या. वर नेलेला प्रत्येक उपग्रह तिथे पोचताच बंद केलेला. वर नेणं आणि बंद करणं ही दोन कामं आहेत हेच आम्ही विसरलो होतो. जागेला स्मशान हे नाव आम्हीच दिलं आणि आम्हीच त्या नावाला घाबरलो.

"आजच वर न्यायची," बाई म्हणाल्या. "इंधन आहे तोवर. म्हणजे शेजाऱ्यांचा प्रश्न मिटला. मग तिथूनच काम करायचं. इंधन संपलं तर संपू दे, ती कुणाच्या वाटेत नाही."

"पण तिथे ती एका जागी थांबणार नाही," मी म्हणालो. सवय जात नाही. "उंच गेली की चाल मंदावते. पृथ्वी पुढे निघून जाईल आणि ती रोज थोडी मागे पडेल."

"कुठल्या दिशेला?"

मी फळ्याकडे गेलो, आणि खडू हातात घेतल्यावर माझं मलाच दिसलं. ती मागे पडणार होती त्याच महासागराच्या दिशेला. दहाव्या दिवशी आमच्या अँटेनाला ती क्षितिजाकडे कललेली, पण दिसणार होती, आणि तो समुद्र तिला आजच्याहून चांगला दिसणार होता. मी हिशेब दोनदा केला, चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. बाईंना मी तेव्हा तोंडावर सांगितलं, "बाई, तुमच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही." त्यांनी "बरं, कामाला लाग" म्हणून फोन उचलला.

फोन शेजाऱ्यांना होते. चालू रेडिओ घेऊन म्हातारी त्यांच्या डोक्यावरून जाणार, तिचा आवाज त्यांच्या संदेशांत मिसळू शकतो, तर त्यांना विचारायला हवं. बाईंनी एकेकाला सांगितलं, आमची म्हातारी अमुक दिवशी तुमच्या दारावरून दिवा घेऊन जाईल, यान उतरलं की त्याच दिवशी दिवा विझवू. एकानंही नाही म्हटलं नाही. एक जण तर म्हणाला, तुमचा पंख अडकला होता ते आम्ही शिकाऊ असताना अभ्यासलंय. बाई चक्क लाजल्या.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून म्हातारी वर गेली. मग ती मागे पडू लागली आणि आमचा मोठा अँटेना, जो वर्षानुवर्षं एकाच जागी बघत राहिला होता, तो रोज थोडा थोडा वळू लागला. यान उतरण्याच्या दोन दिवस आधी म्हातारीचं इंधन संपलं. पार संपलं. आता तिचं तोंड पृथ्वीकडे ठेवायला फक्त आतली विजेवर फिरणारी चाकं होती, आणि उन्हाच्या रेट्यापुढे तीही फार काळ टिकत नाहीत. ऊन उपग्रहाला ढकलतं, अगदी हलकं, पण सतत. बाईंनी त्याच उन्हाला कामाला लावलं. दोन्ही पंख थोडे तिरके केले, शिडं फिरवावीत तसे, म्हणजे एका बाजूचा रेटा दुसरीकडून फिटेल. दोन दिवस त्या तासातासाला पंखांचा कल बदलत होत्या. आम्ही डोळ्यांत तेल घालून बघत होतो आणि म्हातारीचं तोंड हलत नव्हतं. जिच्या अंगात थेंबभर इंधन नाही, ती नुसत्या उन्हावर तोल सांभाळत होती. मला दोघींचाही अभिमान वाटला, आणि तो मी लपवला नाही.

उतरण्याच्या दिवशी सकाळी खोलीत कुणी बसलेलं नव्हतं, सगळे खुर्च्यांमागे उभे. मोहीम कक्षातला सांगणारा माणूस पलीकडच्या इमारतीत होता. त्याचा आवाज आमच्या अँटेनातून म्हातारीकडे, तिथून यानाकडे. यान महासागरावर पोचलं. स्पीकरमधून आधी खरखर आली, मग कप्तानाचा आवाज.

"ऐकू येतंय. बोला."

एवढे तीन शब्द ऐकायला आम्ही दहा दिवस घालवले होते.

इंजिन पेटलं. सांगणारा शांतपणे सांगत होता, थोडं डावीकडे, बास, धरून ठेवा, अजून धरून ठेवा. कप्तान प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवत होती. मध्येच आवाज बारीक झाला. बाईंनी पंख केसभर वळवला आणि आवाज परत आला. "बंद," सांगणारा म्हणाला. "बंद केलं," ती म्हणाली. मग यान वातावरणात शिरलं आणि तिथे कुणाचाच आवाज पोचत नाही. आमचा जीव टांगणीला लागला. थोड्या वेळानं, यान उचलायला थांबलेल्या जहाजावरून निरोप आला की छत्र्या उघडल्या, यान पाण्यावर टेकलं, तिन्ही माणसं हालचाल करतायत आणि एक जण खायला मागतोय. मी रडलो. खडूस माणसालाही डोळे असतात.

संचालक धावत आले. "बाई, अजून आठवडाभर चालू ठेवू तिला. बातमीदार येतील, लोकांना दाखवू."

"शेजाऱ्यांना आजचा शब्द दिलाय," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "खडूस, बंद कर तिला."

मी खुर्चीत बसलो. आज्ञा पडद्यावर तयार होती, पाठवायचीच बाकी होती. दहा दिवसांपूर्वी हेच करा म्हणून मी भांडलो होतो. आता माझा हात पुढे जाईना.

"बाई, संध्याकाळपर्यंत तरी राहू दे. चांगली चाललीय हो ती."

"चांगली चाललीय म्हणूनच आता," बाई म्हणाल्या. "उद्या तोल गेला तर आपलं सांगणं तिच्यापर्यंत पोचणार नाही. ऐकतेय तोवरच निरोप देता येतो रे."

मी आज्ञा पाठवली. म्हातारीनं तीही ऐकली.