एका चिठ्ठीवर एकच तक्रार

मुख्याध्यापिकाबाईंनी कागद पुढं सरकवला. "इथं सही करा. सोमवारपासून भिंगरी एक इयत्ता खाली बसेल. तिच्याच भल्यासाठी सांगतेय."

भिंगरी आठ वर्षांची. लहानपणी घरभर गिरक्या घ्यायची म्हणून हे नाव पडलेलं. अलीकडे मात्र ती वर्गात बाकावर डोकं टेकून पेंगायची, हाक मारली तरी ओ द्यायची नाही. तिची आई ट्रकच्या गॅरेजात वायरिंग करायची. सगळे तिला वायरवालीच म्हणत. नखांत काळं ग्रीस आणि नाकावर माशी बसू न देणारा स्वभाव.

"ती ढ नाहीये बाई, आजारी आहे," वायरवाली म्हणाली.

"तुम्ही दर वेळी नवाच आजार सांगता. कधी दमा, कधी खाज, कधी नाक, कधी कान. एका मुलीला एवढं सगळं एकदम कसं होईल?"

वायरवालीनं पेनाला हातसुद्धा लावला नाही. "तेच विचारून येते," म्हणाली आणि लेकीला घेऊन उठली.

हे ती वर्षभर विचारतच होती. इस्पितळात त्वचेचे डॉक्टर कोपरातले, गुडघ्यामागचे लाल चट्टे बघायचे आणि मलम, खाजेचं औषध लिहायचे. छातीचे डॉक्टर दम्यासाठी तोंडात मारायचा फवारा द्यायचे. नाक-कानवाले सर्दीचं सिरप. पण खाजवून खाजवून पोरीला झोप नाही, नाक चोंदलेलं म्हणून तोंड उघडं, सकाळी उठते ती मरगळूनच, हे सांगायला गेलं की ठरलेलं उत्तर: "ते आमच्याकडे येत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं गॅरेजला दांडी मारली आणि घरातली होती नव्हती ती औषधं पिशवीत भरून इस्पितळ गाठलं.

"तक्रार काय?" खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"खाज, दमा, नाक, कान, झोप."

"एका चिठ्ठीवर एकच तक्रार. कोणती लिहू?"

"असं? मग कान तेवढा आत पाठवते. बाकीची पोरगी बसू दे इथंच बाकावर."

रांगेत हशा पिकला. कारकून काही हसला नाही. "नियम आहे बाई. बाजूला व्हा."

"नाही होणार! लिहा, तक्रार: अख्खी मुलगी."

"लिहा की हो, शाई संपतेय का तुमची?" मागून एक आजोबा खेकसले. मग सगळी रांगच कुरकुरायला लागली. गलका ऐकून शेजारच्या खोलीतून मुलांच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी एकदा भिंगरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आत या दोघी."

वायरवालीनं पिशवी टेबलावर उपडी केली. डॉक्टरीणबाईंनी एकेक बाटली वाचली आणि दोन बाजूला काढल्या.

"या दोन्ही देता?"

"लिहिलंय तशाच. एक खाजेची, एक सर्दीची."

"नावं वेगळी, पण दोन्हींत गुंगी आणणारं औषध एकच आहे. पोर पेंगेल नाहीतर काय!"

वायरवालीनं दोन्ही बाटल्या उचलून पुन्हा बघितल्या. "मी माझ्या हातानं पाजलं हो."

"तुम्ही सांगितलं तसं केलंत. चूक आमची आहे. या दोन्ही आजपासून बंद."

मग त्यांनी भिंगरीची छाती, कातडी, नाक, कान सगळं तपासलं, ऐकण्याची चाचणीही करून घेतली.

"एकाच पोरीला एवढं सगळं कसं, डॉक्टर?"

"खूप मुलांना होतं असं. ही खाज, दमा, चोंदलेलं नाक एकमेकांचा हात धरून येतात. त्यात हिच्या कानात पाणी साचलंय, म्हणून ऐकू कमी येतं. आणि झोपच नाही, तर लक्ष कुठून लागणार?"

"म्हणजे एक वायर सैल झाली की दिवेही मंद आणि भोंगाही बंद, तसं?"

"तेवढं सोपं असतं तर! इथं एक वायर घट्ट करून भागायचं नाही. सगळ्यांकडे एकत्र बघावं लागेल. यापुढे माझ्याकडेच आणा."

"मग हे लिहून द्या. सगळं एकाच कागदावर."

तो कागद घेऊन मायलेकी तडक शाळेत गेल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी तो दोनदा वाचला. "तरीही एक वर्ष मागं राहिली तर..."

"राहणार नाही. मी सही देणार नाही, आज नाही आणि उद्याही नाही. तिला पहिल्या बाकावर बसवा."

भिंगरी पुढं झाली. "बाई, तुम्ही गणित शिकवताना फळ्याकडे तोंड करून बोलता. मला मागं काहीच ऐकू येत नाही."

बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंच नाही."

भिंगरी आपल्याच वर्गात राहिली, पहिल्या बाकावर. पेंग आठवड्याभरात गेली, कानाला मात्र चार महिने लागले. दमा आहेच. चट्टेही अधूनमधून उठतात, तेव्हा ती चिडचिडत स्वतःच मलम चोळते. परवा एका पोरीनं तिला विचारलं, "तुला नक्की झालंय तरी काय?" भिंगरीनं बोटं मोजत सगळी यादी ऐकवली, आणि वर म्हणाली, "आणखी काही विचारायचंय?"